वृद्धांच्या औषधांचा अँटिकोलिनर्जिक भार कसा तपासावा

सत्तरी ओलांडलेला माणूस विसरू लागला, रात्री बरळू लागला किंवा चालताना त्याचा झोक जाऊ लागला, की घरचे म्हणतात वय झाले, आणि गर्दीच्या ओपीडीत आपणही पुष्कळदा तेच म्हणून पुढच्या रुग्णाला हाक मारतो. यांतील काही जणांचा त्रास औषधांमुळे असतो. निरनिराळ्या डॉक्टरांनी निरनिराळ्या कारणांसाठी लिहिलेली, एकेकटी पाहिली तर निरुपद्रवी वाटणारी औषधे एकत्र आल्यावर जो परिणाम साचतो, त्याला अँटिकोलिनर्जिक भार म्हणतात. ही बेरीज कोणी एकाने बसून केल्याशिवाय होत नाही, आणि आपल्याकडे ती करण्याची जबाबदारी कोणाचीच नसते. वृद्धांच्या उपचाराकडे नव्याने वळलेल्या डॉक्टरांनी, मेडिकलमध्ये नव्याने बसू लागलेल्या फार्मासिस्टांनी आणि वॉर्डातील परिचारिकांनी ती आपली मानावी, म्हणून हे मार्गदर्शन लिहीत आहे. रुग्णाच्या घरच्यांनीही ते जरूर वाचावे, मात्र वाचून स्वतःच्या मनाने एकही गोळी बंद करू नये. त्याचे कारण पुढे दिले आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. ॲसिटिलकोलिन हे मज्जातंतूंच्या टोकांतून स्रवणारे रसायन आहे. मज्जातंतू असे रसायन सोडून संदेश पोहोचवतात, हे ऑटो लोवी यांनी १९२१ मध्ये बेडकाच्या हृदयावरील प्रयोगाने दाखवले, आणि पुढे १९३६ मध्ये हेन्री डेल यांच्यासह त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. हे रसायन मेंदूत लक्ष आणि स्मरण सांभाळते, लाळ आणि घाम आणते, आतडी हलवते, मूत्राशयाचे आकुंचन घडवते आणि हृदयाचा वेग आवरते. पेशींवरील ज्या जागी ते चिकटून काम करते, त्यांपैकी मस्करिनिक ग्राहक (रिसेप्टर) म्हटल्या जाणाऱ्या जागा जी औषधे अडवतात ती अँटिकोलिनर्जिक. काही औषधांकडून आपल्याला हाच परिणाम हवा असतो, उदाहरणार्थ लघवीची घाई थांबवणारे सोलिफेनॅसिन. पण ॲमिट्रिप्टिलिन किंवा क्लोरफेनिरामाइन यांच्यासारख्या औषधांत तो न मागता येतो. म्हातारपणी मेंदूतील ॲसिटिलकोलिनचा साठा मुळातच कमी झालेला असतो, मूत्रपिंडे आणि यकृत औषध सावकाश बाहेर टाकतात, आणि म्हणून पन्नाशीच्या माणसाला सहज पचलेली गोळी ऐंशीच्या माणसाला गोंधळात टाकू शकते.

पहिली पायरी: पिशवी मागवा

चिठ्ठीवरून भार मोजू नका. कोल्हापूर जिल्ह्यातील वृद्ध रुग्णाचा उपचार एका ठिकाणी क्वचितच चालतो. मधुमेहाच्या गोळ्या गावातील आरोग्य केंद्रातून येतात, हृदयाच्या कोल्हापुरातल्या डॉक्टरांकडून, मज्जातंतूंच्या मिरजेहून, चंदगड-आजऱ्याकडील रुग्ण असेल तर एखादी चिठ्ठी बेळगावचीही असते, आणि सर्दी-खोकल्याची गोळी कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून तोंडी मागून आणलेली असते. यांपैकी कोणत्याच चिठ्ठीवर बाकीच्या चिठ्ठ्यांचा उल्लेख नसतो. म्हणून रुग्णाला पुढच्या वेळी घरातली सगळी औषधे एका पिशवीत भरून आणायला सांगा, आणि सगळी म्हणजे काय ते फोड करून सांगा: रोजची, अधूनमधून घेतलेली, संपत आलेली, शेजाऱ्याने दिलेली, पातळ औषधे, डोळ्यांचे थेंब, इनहेलर, मलमे, काढे, आसवे आणि चूर्णे.

पातळ औषधांकडे विशेष लक्ष द्या, कारण खोकल्याच्या अनेक सिरपमध्ये क्लोरफेनिरामाइन किंवा डायफेनहायड्रामाइन असते आणि ‘ते काय औषध नव्हे, खोकल्याचं सिरप आहे’ असे म्हणून आज्जी ते पिशवीत घालतच नाहीत. आयुर्वेदिक औषधांविषयी आदराने विचारा. कनकासवात धोत्रा असतो, आणि धोत्र्यात ॲट्रोपिन व स्कोपोलामिन ही अस्सल अँटिकोलिनर्जिक द्रव्ये असतात. रुग्णाला खजील वाटेल असा प्रश्न विचारला तर पुढच्या वेळी ती बाटली घरीच राहील.

पिशवीत कापलेल्या पट्ट्या निघतात, ज्यांवर नाव अर्धे आणि मुदत गायब असते. ज्या मेडिकलमधून त्या घेतल्या तिथे फोन करून नाव मिळवा. भाराची बेरीज प्रत्येक औषधाला गुण देऊन करतात, ते चौथ्या पायरीत येईल; न ओळखलेली गोळी शून्य गुणांची धरू नका.

दुसरी पायरी: प्रत्यक्ष काय घेतले जाते ते विचारा

लिहिलेले आणि गिळलेले यांत पुष्कळ अंतर असते. रोज किती वाजता, कोण देते, कोणती गोळी ‘बरं वाटलं म्हणून’ बंद केली आणि कोणती ‘झोप लागते म्हणून’ दोन घेतली जाते, हे औषध देणाऱ्या व्यक्तीलाच विचारा. बहुतेक घरांत ती सून किंवा नात असते आणि तपासणीला सोबत मुलगा आलेला असतो. अशा वेळी घरी फोन लावून तिच्याशी बोललेली पाच मिनिटे सगळ्या तपासण्यांपेक्षा अधिक उपयोगी पडतात.

पावसाळ्यात तपासत असाल तर सर्दीच्या गोळ्यांबद्दल वेगळे विचारा. राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडी या भागांत जून ते सप्टेंबर नाक सतत गळत असते आणि सर्दीची मिश्र गोळी महिनाभर चालू राहते. तिच्यात पॅरासिटामॉल आणि फेनिलेफ्रिन यांच्याबरोबर क्लोरफेनिरामाइन असते, पण घरातल्या कोणालाही ती ‘औषध चालू आहे’ या व्याख्येत बसते असे वाटत नाही. प्रोस्टेट वाढलेल्या वृद्धाची लघवी अशाच गोळीने अचानक तुंबते, आणि त्याला रात्री कॅथेटर घालण्यासाठी रुग्णालयात आणावे लागते.

तिसरी पायरी: लक्षणे नेमक्या शब्दांत विचारा

‘काही त्रास आहे का’ या प्रश्नाला आपले वृद्ध ‘नाही’ असेच उत्तर देतात. कोरड्या तोंडाबद्दल विचारायचे असेल तर भाकरी गिळायला प्रत्येक घासाला पाणी लागते का, कवळी सैल झाली आहे का, तिखट पूर्वीपेक्षा जास्त झोंबते का, असे विचारा. तांबड्या रश्श्यावर वाढलेली माणसे अचानक अळणी मागू लागली, तर त्यामागे लाळ आटलेली असू शकते. बद्धकोष्ठासाठी किती दिवसांनी शौचाला होते आणि कुंथावे लागते का हे विचारा. लघवीसाठी धार बारीक झाली का, लघवी करून आल्यावरही पोट जड वाटते का, हे विचारा. शंका आली तर लघवी केल्यानंतर मूत्राशयात किती उरते ते सोनोग्राफीने पाहून घ्या. जवळचे वाचताना अंधुक दिसते का, छाती धडधडते का, उन्हात घाम येतो का, हेही विचारायचे. घाम कमी झालेला वृद्ध एप्रिल-मे महिन्यांत शेतात गेला तर त्याला उष्माघाताचा धोका इतरांपेक्षा अधिक असतो.

मेंदूवरील परिणाम घरच्यांकडूनच कळतात. ‘आबांना विसराय लागलंय’ यापुढे जाऊन कधीपासून, दिवसा की रात्री, अचानक की हळूहळू, आणि त्या सुमारास कोणती नवी गोळी सुरू झाली, हे चार प्रश्न विचारा. काही दिवसांत सुरू झालेला, दिवसभरात कमीजास्त होणारा गोंधळ हा डिलिरियम समजून त्याच दिवशी त्याचा शोध घ्यायचा असतो; त्यासाठी फोर-एटी ही छोटी चाचणी दोन मिनिटांत होते. हळूहळू वाढलेल्या विसराळूपणासाठी स्मरणशक्तीची चाचणी आजच करून गुण लिहून ठेवा, कारण औषध कमी केल्यावर फरक पडला की नाही हे त्यावरूनच कळणार आहे. शाळा न शिकलेल्या आज्जींना घड्याळाचे चित्र काढायला सांगू नये. अशांसाठी हिंदी मेंटल स्टेट एक्झामिनेशनच्या धर्तीवरील, अक्षरओळख न लागणारे प्रश्न वापरावेत. चालण्याची परीक्षाही सोपी आहे: खुर्चीतून उठून तीन मीटर चालून, वळून, परत येऊन बसायला बारा सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असे समजा. झोपलेल्या स्थितीत आणि उभे राहिल्यानंतर तीन मिनिटांच्या आत रक्तदाब घ्या. वरचा २० किंवा खालचा १० ने उतरला तर नोंद करा.

चौथी पायरी: घटक लिहा, मग गुण द्या

कागदावर व्यापारी नावे लिहू नका. आपल्या बाजारात एका गोळीत दोन-तीन औषधे असणे इतके नेहमीचे आहे की नावावरून काहीच कळत नाही. पाकिटामागील बारीक अक्षरे वाचून प्रत्येक घटक वेगळ्या ओळीवर लिहा. तळपायाची आग आणि मुंग्या यांसाठी दिलेल्या प्रीगॅबॅलिनच्या गोळीत पुष्कळदा नॉरट्रिप्टिलिन असते. पोटदुखीच्या मेफेनॅमिक ॲसिडच्या गोळीत पुष्कळदा डायसायक्लोमिन असते. प्रोस्टेटसाठीच्या टॅमसुलोसिनबरोबर कधी टॉल्टेरोडिन किंवा सोलिफेनॅसिन जोडलेले असते. ‘गॅस आणि टेन्शन’ यांसाठीच्या कॅप्सूलमध्ये क्लोरडायझेपॉक्साइडबरोबर क्लिडिनियम असते. मनोविकारावरील रिस्पेरिडोन किंवा ट्रायफ्लुओपेराझिन यांच्या गोळीत पुष्कळदा ट्रायहेक्सिफेनिडिल आधीच मिसळलेले असते. एका गोळीचा तीन गुणांचा घटक असा दुसऱ्या नावाच्या आड लपतो, आणि नवशिक्याची पहिली चूक नेमकी येथेच होते.

गुण देण्यासाठी अनेक श्रेणी आहेत. २००८ मध्ये अमेरिकेत तयार झालेली आणि २०१२ मध्ये सुधारलेली अँटिकोलिनर्जिक कॉग्निटिव्ह बर्डन श्रेणी, म्हणजे एसीबी, सुरुवातीला शिकायला सर्वांत सोपी आहे. तिच्यात औषधाला एक, दोन किंवा तीन गुण मिळतात. तीन गुणांच्या औषधांत ॲमिट्रिप्टिलिन, नॉरट्रिप्टिलिन, इमिप्रामिन, पॅरोक्सेटिन, क्लोरफेनिरामाइन, प्रोमेथाझिन, हायड्रॉक्सिझिन, डायफेनहायड्रामाइन, मेक्लिझिन, डायसायक्लोमिन, ऑक्सिब्युटिनिन, टॉल्टेरोडिन, सोलिफेनॅसिन, ट्रायहेक्सिफेनिडिल, क्लोरप्रोमाझिन, ओलान्झापिन, क्वेटियापिन आणि क्लोझापिन येतात. दोन गुणांची औषधे थोडी आहेत. त्यांतील कार्बामाझेपिन, ऑक्सकार्बाझेपिन आणि ॲमॅन्टाडिन आपल्याला भेटतात. एका गुणाची यादी लांब आहे: मेटोप्रोलोल, ॲटेनोलोल, फ्युरोसेमाइड, डिगॉक्सिन, वॉरफरिन, निफेडिपिन, थिओफायलिन, डायझेपाम, अल्प्राझोलाम, रिस्पेरिडोन, हॅलोपेरिडॉल, ट्राझोडोन, सेटिरिझिन, लिव्होसेटिरिझिन इत्यादी. बेरीज तीन किंवा अधिक झाली तर ती वैद्यकीयदृष्ट्या महत्त्वाची मानतात.

आता एका गोष्टीवर मला थांबून बोलायचे आहे, कारण या यादीचा गैरवापर माझ्या पाहण्यात येतो. एका गुणाच्या औषधांत प्रयोगशाळेत ग्राहकांवर थोडा परिणाम दिसलेला असतो, पण रुग्णाच्या मेंदूवर त्यामुळे त्रास होतो असा ठोस पुरावा नसतो. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या माणसाचे मेटोप्रोलोल किंवा फुप्फुसात पाणी साचणाऱ्या माणसाचे फ्युरोसेमाइड एका गुणासाठी काढणे हा अपराध ठरेल. गुणसंख्या आपल्याला कुठे पाहायचे ते दाखवते. काय काढायचे ते रुग्णाच्या गरजेवरून ठरते. उलट, अमेरिकी यादीत एखादे औषध नाही म्हणून ते सुरक्षित, असाही अर्थ काढू नये. फेनिरामाइन आपल्याकडे सर्रास दिले जाते. ते क्लोरफेनिरामाइनच्या कुटुंबातले आहे आणि यादीत सापडले नाही तरी त्याला तसेच वागवावे.

इतर श्रेणींत थोडा वेगळा विचार आहे. २००८ ची अँटिकोलिनर्जिक रिस्क स्केल तोंड कोरडे पडणे आणि बद्धकोष्ठ अशा शारीरिक परिणामांकडेही पाहते. २००७ मध्ये मांडलेला ड्रग बर्डन इंडेक्स मात्रा विचारात घेतो आणि गुंगी आणणाऱ्या औषधांनाही मोजतो, म्हणून पडण्याच्या धोक्यासाठी तो अधिक अर्थपूर्ण वाटतो. गणित मात्र थोडे किचकट आहे. निरनिराळ्या श्रेणींची उत्तरे एकमेकींशी जुळत नाहीत. एकच निवडा, तिचे नाव कागदावर लिहा आणि पुढच्या वेळी तीच वापरा.

पाचवी पायरी: आकड्यामागचा माणूस पाहा

एसीबी मात्रा मोजत नाही. रात्री दहा मिलिग्रॅम ॲमिट्रिप्टिलिन आणि पंच्याहत्तर मिलिग्रॅम ॲमिट्रिप्टिलिन यांना ती सारखेच तीन गुण देते. म्हणून प्रत्येक तीन गुणांच्या औषधापुढे मात्रा आणि किती काळापासून चालू आहे हे लिहा. औषध मेंदूत किती शिरते हेही वेगवेगळे असते: ऑक्सिब्युटिनिन सहज शिरते, ट्रॉस्पियम फारसे शिरत नाही, पोटदुखीसाठीचे हायोसिन ब्युटिलब्रोमाइडही कमी शिरते. टायोट्रोपियमसारखी ओढून घ्यायची औषधे प्रामुख्याने फुप्फुसात काम करतात. दम्याच्या रुग्णाचा श्वास त्यांच्यावर चालत असेल तर त्यांना हात लावू नये, पण प्रोस्टेटचा त्रास असल्यास लघवीवर लक्ष ठेवावे.

मूत्रपिंडांचे गणित प्रत्येक वेळी करा. क्रिएटिनिनचा अहवाल ‘नॉर्मल’ म्हणून येतो आणि आपण निर्धास्त होतो, पण हडकुळ्या वृद्धाच्या अंगात स्नायूच कमी असल्याने क्रिएटिनिन कमी दिसते. कॉक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्रात १४० मधून वय वजा करून वजनाने गुणतात, त्याला ७२ गुणिले क्रिएटिनिन याने भागतात, आणि स्त्री असेल तर उत्तराला ०.८५ ने गुणतात. ७८ वर्षांच्या, ४५ किलो वजनाच्या आणि १.१ क्रिएटिनिन असलेल्या आज्जींचे उत्तर सुमारे ३० येते. एवढ्यावर सोलिफेनॅसिन पाच मिलिग्रॅमपेक्षा जास्त देऊ नये, आणि सेटिरिझिन व प्रीगॅबॅलिन यांच्या मात्राही खाली आणाव्या लागतात.

सगळ्यांत जास्त सावध कोणाबाबत राहायचे? आधीच स्मृतिभ्रंश असलेले, पक्षाघात होऊन गेलेले, पार्किन्सनचे, प्रोस्टेट वाढलेले, काचबिंदूचा अरुंद कोन असलेले आणि एकटे राहणारे. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला एका हाताने डोनेपेझिल आणि दुसऱ्या हाताने ऑक्सिब्युटिनिन देणे म्हणजे एकाच वेळी ॲसिटिलकोलिन वाढवणे आणि अडवणे आहे. अशी जोडी दिसली की तिच्यावर लाल खूण करा.

पुराव्याबद्दलही स्पष्ट असले पाहिजे. २०१५ मध्ये अमेरिकेतील सिएटल येथील अभ्यासात पासष्टीवरील ३,४३४ जणांचा पाठपुरावा झाला, आणि ज्यांचा दहा वर्षांतील एकूण वापर सर्वांत जास्त होता, साधारणपणे रोज पाच मिलिग्रॅम ऑक्सिब्युटिनिन तीन वर्षांहून अधिक काळ घेण्याइतका, त्यांच्यात स्मृतिभ्रंशाचा धोका ५४ टक्क्यांनी अधिक आढळला. २०१९ मध्ये ब्रिटनमध्ये स्मृतिभ्रंशाच्या ५८,७६९ रुग्णांची इतरांशी तुलना झाली. त्यात नैराश्य, पार्किन्सन, मनोविकार, मूत्राशय आणि अपस्मार यांवरील तीव्र अँटिकोलिनर्जिक औषधांशी संबंध दिसला, ॲलर्जीच्या औषधांशी मात्र दिसला नाही. हे निरीक्षणात्मक अभ्यास आहेत. स्मृतिभ्रंशाच्या अगदी सुरुवातीला झोप उडते, मन खचते आणि त्यासाठीच ही औषधे दिली जातात, हे दुसरे स्पष्टीकरणही शिल्लक राहते. त्यामुळे ‘या गोळीने तुमच्या आईला स्मृतिभ्रंश झाला’ असे घरच्यांना कधीही सांगू नका. गोंधळ, पडणे, बद्धकोष्ठ आणि लघवी तुंबणे हे नजीकचे धोके मात्र पुरेसे प्रस्थापित आहेत, आणि निर्णय घ्यायला तेवढे पुष्कळ आहे. वृद्धांना कोणती औषधे टाळावीत हे सांगणाऱ्या, अमेरिकी वृद्धवैद्यक संस्थेच्या २०२३ च्या बीअर्स निकषांत, तसेच युरोपातील स्टॉप निकषांत, एकाहून अधिक अँटिकोलिनर्जिक औषधे एकत्र देणे टाळावे असे सांगितले आहे.

सहावी पायरी: साखळी शोधा

एका औषधाचा दुष्परिणाम नवा आजार समजून त्यावर दुसरे औषध दिले जाते, त्याच्या दुष्परिणामावर तिसरे. ही साखळी सापडली तर अर्धे काम झाले, कारण मग एक कडी काढली की तिच्यामागून आलेल्या कड्या आपोआप सुटतात. समजण्यासाठी एक जुळवलेले उदाहरण घेऊ.

गडहिंग्लज तालुक्यातल्या ७४ वर्षांच्या आज्जी आहेत. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन आणि ॲम्लोडिपिन, हृदयविकारानंतर सुरू झालेले मेटोप्रोलोल, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन, पायांच्या आगीसाठी प्रीगॅबॅलिन-नॉरट्रिप्टिलिन, पायांच्या सुजेसाठी फ्युरोसेमाइड, लघवीच्या घाईसाठी सोलिफेनॅसिन, आणि पावसाळा सुरू झाल्यापासून सर्दीची गोळी. चार महिन्यांपासून विसरतात, रात्री उठून वारलेल्या पतीशी बोलतात, चार-चार दिवस शौचाला होत नाही. गुण मांडले तर नॉरट्रिप्टिलिन तीन, सोलिफेनॅसिन तीन, क्लोरफेनिरामाइन तीन, मेटोप्रोलोल एक, फ्युरोसेमाइड एक, एकूण अकरा.

आता तारखा लावून पाहा. ॲम्लोडिपिनची मात्रा वाढली, महिन्याभरात पाय सुजले. सूज म्हणजे पाणी असे समजून फ्युरोसेमाइड आले, वस्तुतः ॲम्लोडिपिनच्या सुजेवर त्याचा फारसा उपयोग होत नाही. फ्युरोसेमाइडने लघवीला पळापळ सुरू झाली, म्हणून सोलिफेनॅसिन आले. सोलिफेनॅसिनने शौच बांधले, नॉरट्रिप्टिलिनबरोबर मेंदूवर भार टाकला, आणि पावसाळ्यातल्या गोळीने तो असह्य झाला. चार डॉक्टरांपैकी प्रत्येकाने समोर दिसलेल्या तक्रारीवर प्रामाणिकपणे औषध दिले. कोणालाही दोष देण्याचे कारण नाही. फक्त तारखा एका कागदावर आल्या नव्हत्या.

दुसरी नेहमीची साखळी पोटाच्या औषधातून सुरू होते. पित्ताच्या कॅप्सूलमधील लिव्होसल्पिराइड किंवा चक्करेसाठी वर्षानुवर्षे घेतलेले सिनारिझिन यांमुळे हात थरथरतात आणि चाल मंदावते. ते पार्किन्सन समजून ट्रायहेक्सिफेनिडिल दिले जाते, आणि रुग्ण भ्रमिष्ट होतो. तिसरी साखळी डोनेपेझिलने लघवी सुटणे आणि त्यावर मूत्राशयाचे औषध देणे ही आहे.

सातवी पायरी: एका वेळी एकच, आणि सावकाश

आधी काय काढायचे? ज्याची गरज उरलेली नाही ते. वरच्या उदाहरणात सर्दीची गोळी त्याच दिवशी थांबवता येते. नाकासाठी मिठाच्या पाण्याचे थेंब किंवा नाकात मारायचा स्टेरॉइड स्प्रे चालेल. मग साखळीचे मूळ: रक्तदाब लिहिणाऱ्या डॉक्टरांशी बोलून ॲम्लोडिपिन कमी करणे किंवा बदलणे. फ्युरोसेमाइड मात्र हृदय अशक्त असल्यामुळे दिलेले नाही ना, हे इको (हृदयाची सोनोग्राफी) पाहून खात्री केल्यावरच काढावे. सूज आणि फ्युरोसेमाइड गेल्यावर लघवीची घाईही ओसरते का ते पाहावे, आणि त्यानंतर सोलिफेनॅसिन थांबवून बघावे. घाई राहिलीच तर ठरावीक वेळांनी लघवीला नेणे, संध्याकाळचा चहा कमी करणे आणि गरज पडल्यास मिराबेग्रॉन हे पर्याय आहेत. मिराबेग्रॉनपूर्वी रक्तदाब आटोक्यात असला पाहिजे. नॉरट्रिप्टिलिन शेवटी, कारण पायांची आग खरी आहे आणि तिच्यावाचून आज्जींना झोप येणार नाही. तिथे ड्युलोक्सेटिनचा विचार होऊ शकतो किंवा प्रीगॅबॅलिन एकटे, मूत्रपिंडांना झेपेल अशा मात्रेत, ठेवता येते. मेटोप्रोलोल राहील, आणि एक गुण राहिला तरी हरकत नाही.

अनेक महिने चाललेले तीन गुणांचे औषध एकदम बंद केल्यास मळमळ, घाम, निद्रानाश, अस्वस्थता असा उलट परिणाम होतो. घरच्यांनी स्वतःहून काही थांबवू नये, असे सुरुवातीला म्हटले ते याच कारणाने. मात्रा दर एक ते चार आठवड्यांनी पाव ते निम्म्याने कमी करत जावी, आणि त्रास झाला तर मागच्या मात्रेवर थोडे थांबावे. क्लोझापिन आणि इतर मनोविकारांवरील औषधे मनोविकारतज्ज्ञाशिवाय, पार्किन्सनमधील ट्रायहेक्सिफेनिडिल मेंदूविकारतज्ज्ञाशिवाय आणि कार्बामाझेपिन अपस्माराचा विचार केल्याशिवाय हलवू नये.

बाकीच्या पर्यायांबद्दल थोडक्यात. नैराश्यासाठी पॅरोक्सेटिन किंवा ॲमिट्रिप्टिलिनऐवजी सर्ट्रालिन किंवा एस्सिटालोप्राम, मात्र सोडियम तपासत. म्हातारपणीची खाज पुष्कळदा कोरड्या त्वचेची असते. अंघोळीनंतर लगेच लावलेले खोबरेल तेल हायड्रॉक्सिझिनपेक्षा चांगले. कूस बदलताना गरगरत असेल तर एपली पद्धतीने डोके फिरवून उपचार करून पाहावा, मेक्लिझिन महिनोन्‌महिने देऊ नये. झोपेसाठी ॲलर्जीची गोळी तर कधीच नको.

आठवी पायरी: लिहा आणि कळवा

बदल तोंडी सांगून भागत नाही. एका कागदावर मराठीत, मोठ्या अक्षरांत, तीन गोष्टी लिहा: काय बंद केले, काय कमी केले आणि का. हाच कागद इतर सर्व डॉक्टरांना दाखवायला सांगा, आणि शक्य असेल तर मूळ औषध लिहिणाऱ्या डॉक्टरांना स्वतः फोन करा. त्यांच्या औषधावर टीका करण्याचा सूर नको. ‘रुग्णाला अमुक त्रास होतो आहे, आपली हरकत नसेल तर हे कमी करून पाहतो’ एवढे पुरते. न कळवता काढलेले औषध पुढच्या भेटीत परत लिहिले जाते. फार्मासिस्टांनी वृद्धांना सर्दीची गोळी किंवा खोकल्याचे सिरप देण्याआधी ‘लघवीचा त्रास आहे का, रोजची कोणती औषधे चालू आहेत’ हे दोन प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी. डॉक्टरांच्या नजरेआड होणारी बेरीज त्या काउंटरवरच थांबते.

पहिला फोन आठवड्याने, भेट महिन्याने. भेटीत लक्षणांचे तेच प्रश्न, स्मरणशक्तीची तीच चाचणी, तेच तीन मीटर चालणे. तोंडाची कोरड आणि शौच लवकर सुधारतात, मेंदूला अधिक वेळ लागतो, आणि कधी कधी काहीच सुधारत नाही. तेव्हा स्मृतिभ्रंशाची रीतसर तपासणी करावी, थायरॉइड आणि बी-१२ पाहावे. मूळ त्रास परत आला, म्हणजे आग किंवा घाई असह्य झाली, तर औषध कमीत कमी मात्रेत पुन्हा सुरू करण्यात कमीपणा मानू नये. प्रत्येक रुग्णालयातून सुटीच्या वेळी, प्रत्येक नव्या तज्ज्ञाच्या भेटीनंतर, आणि पावसाळ्याच्या सुरुवातीला ही बेरीज पुन्हा मांडावी.

एक प्रसंग मात्र पुढच्या भेटीपर्यंत थांबण्याचा नाही. अचानक गोंधळ, अंग कोरडे आणि तापलेले, नाडी जोरात, बाहुल्या मोठ्या, लघवी बंद, अशी लक्षणे एकत्र दिसली तर औषधांची पिशवी हातात देऊन रुग्णाला त्याच क्षणी कोल्हापूरच्या सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) रुग्णालयात किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयात पाठवावे, आणि शेवटची कोणती गोळी किती वाजता घेतली हे चिठ्ठीवर लिहून द्यावे.